वीरप्पानं साखर सोडली

उमरग्याच्या बाजूला वीरप्पाएवढा गोड चहा पिणारा माणूस झाला नाही. त्याच्या घरी चहा ढवळायला दोघं लागत; एक कप दाबून धरायला, एक चमचा फिरवायला. पण डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरेना, तेव्हा उमरग्याच्या डॉक्टरनं सांगितलं, "आजपासून साखर बंद. नाहीतर अंगठा काढावा लागंल."

वीरप्पानं त्याच दिवशी सोडली. त्याच्या बायकोनं, शांतम्मानं, घरातली साखर शेजारीपाजारी वाटून टाकली. तिसऱ्या दिवशी मुंग्या अंडी डोक्यावर घेऊन वेशीबाहेर पडताना मी स्वतः बघितल्या.

इथपर्यंत ठीक होतं. पण दिवाळीला आमचा कारखाना सभासदांना स्वस्तात साखर देतो, आणि वाटपाच्या टेबलाशी जाऊन वीरप्पा म्हणाला, "मला नको." टेबलावर रुद्रेश बसलेला, चेअरमनचा उजवा हात. संचालकांची निवडणूक तोंडावर आलेली.

"अण्णा, आमच्या साखरेत काय खोट निघाली?"

"खोट माझ्यात हाय. डॉक्टरनं बंद केलीया."

"कुठला डॉक्टर?"

वीरप्पानं नाव सांगितलं. रुद्रेश नुसताच हसला. त्या डॉक्टरचा मेहुणा शंभुलिंगच्या, म्हणजे विरोधी, पॅनलमध्ये होता.

संध्याकाळी हॉटेलात मी एवढंच म्हणालो की वीरप्पानं साखर सोडली. माझा कप विसळून होईस्तोवर गावाच्या तोंडी त्यानं चेअरमनला सोडलेलं होतं.

मग त्याच्या उसाला तोड येईना. तोडणीची टोळी कारखाना पाठवील तेव्हाच यायची. ती शेजारच्या बांधापर्यंत आली, ट्रॅक्टर भरला, माघारी गेली. उसाला तुरे आले. पुढं ते एवढे उंच गेले की हैदराबाद रस्त्यावरचे ट्रकवाले त्यांच्या सावलीत गाड्या लावून जेवायला लागले. रस्ता शेतापासून अडीच कोसांवर आहे. पण उंचीचा काय उपयोग? ऊस आतून पोकळ पडत होता, आणि वर्षाची कमाई तेवढीच होती.

एक दिवस रुद्रेश दारात आला. "अण्णा, चेअरमनच्या बंगल्यावर चला. चारचौघांत दोन चमचे साखरेचा चहा घ्या. उद्या टोळी तुमच्या रानात."

वीरप्पा अंगठ्याकडं बघत बसला. गडी डळमळला होता. तेवढ्यात आतून शांतम्मा आधी कानडीत, मग मराठीत कडाडली, "साकु! लई झालं! अंगठा कापून ऊस कापायचा व्हय? चेअरमनला म्हणावं, तूच पी माझ्या नवऱ्याच्या वाटचा!"

ही बातमी शंभुलिंगला पोचायला अर्धा तास लागला. दुपारी तो हलगी, हार आणि पेढ्यांचा पुडा घेऊन हजर. सगळा गाव मागं.

"वीरप्पा मर्दाचा बच्चा! चेअरमनला नाही म्हणाला! आजपासून आपला माणूस!"

"अरं, म्या कुणाचाच न्हाय, मला साखरेचा…"

तोंड उघडलं तसा शंभुलिंगनं त्यात पेढा कोंबला. आमच्याकडं आनंदाच्या वेळी समोरच्याचं तोंड गोड करतात, त्याला विचारत नाहीत.

चार महिन्यांनी जिभेला पेढा लागला होता. वीरप्पाचे डोळे मिटले. मला वाटलं, गेला माणूस. मग त्यानं डोळे उघडले, पायाकडं पाहिलं आणि पेढा थुंकला. तो शंभुलिंगच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर, बरोबर खिशावर बसला. हलगी थांबली.

"शंभुलिंगच्या तोंडावर थुंकला!" हे रुद्रेशला कुणी कळवलं, मला माहीत नाही. मी फक्त फोन लावून दिला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत टोळ्या आल्या. एक नाही, सहा. तुऱ्यांपर्यंत पोचायला शिड्या आणल्या होत्या. तिसऱ्या दिवशी रान मोकळं. वजन घटलं, पण ऊस कारखान्याला गेला.

रुद्रेश थर्मास घेऊन बांधावर आला. "अण्णा, आता घरचीच गोष्ट हाय. घ्या की घोटभर, गोड."

वीरप्पानं कपावर हात ठेवला. "नको बाबा. प्यालो तर परत पक्ष बदलला म्हणशाल."