घडावरची बोटं

देठ चिमटीत धरून तिने घड उजेडाकडे वळवला आणि तिचा हात तिथेच थांबला. खालच्या मण्यांवर बोटं उमटली होती. बाकीचा घड धुक्यातून काढल्यासारखा पांढुरका, आणि मधेच हे चार-पाच मणी काळे, चकचकीत, कुणीतरी फडक्याने पुसल्यासारखे.

"आई!" ती ओरडली.

सासूबाई कपड्यांच्या दोरीपाशी चिमटे गोळा करत होत्या. ते तसेच ओंजळीत धरून त्या मांडवापाशी आल्या. स्वयंपाकघराच्या पायरीवर मोठी नणंद चहा पीत बसली होती. ती आईला भेटायला सकाळीच आली होती. तिनेही मान वर केली.

"परत हात लावलात ना द्राक्षांना?"

"मी?"

"मग कोण? तुम्हीच असता ना दिवसभर इथे."

सासूबाईंनी चिमटे गाऊनच्या खिशात टाकले आणि स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तळवे उलटे केले, सुलटे केले.

"लावला असेल," त्या म्हणाल्या. "मला आठवत नाही. पण आठवत नाही म्हणजे लावलाच असेल."

"तळहाताच्या फोडासारखी जपलीय मी ही वेल. एकच गोष्ट सांगितली होती तुम्हाला. एकच. हात लावू नका. तेवढंही होत नाही?"

"चुकलं माझं," सासूबाई म्हणाल्या. बाई वर्गात उभं करतात तशा त्या ताठ उभ्या होत्या.

नणंदेने कप खाली ठेवला. "हे बघ, तुमच्या दोघांच्या नोकऱ्या. मागे गॅस चालू राहिला, मग नळ, आता हे. मी नेते तिला माझ्याकडे. बाई आहे दिवसभराची, लक्ष देईल. पुढच्या रविवारी येते गाडी घेऊन."

ही गोष्ट घरात किती तरी दिवस तरंगत होती. बोलायचं कुणी, एवढंच अडलं होतं. आता द्राक्षांनीच तोंड उघडलं होतं. तिने एक वाळकं पान खुडलं, चुरगाळलं आणि म्हणाली, "तुम्हाला ठीक वाटेल तसं करा, ताई."

सासूबाई मांडवाकडे पाहत होत्या. नणंदेचं घर सातव्या मजल्यावर होतं. तिथल्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसत.

वेल लावली तेव्हा तिला द्राक्षांतलं ओ की ठो कळत नव्हतं. शहराबाहेर बाग असलेल्या एका काकांनी कलम दिलं, आणि कलमाबरोबर उपदेशही. पहिल्या छाटणीला कात्री घेऊन ती तासभर नुसती उभी राहिली होती. एवढी हिरवी, जोमदार काडी कापायची कशी? काका फोनवर म्हणाले, "बाई, लाड केलेत तर नुसती पानं खाल." तिने डोळे मिटून कापली. मग हळूहळू समजत गेलं. काडीवरच्या कुठल्या डोळ्यातून कोंब फुटणार, कुठल्या काडीला फळ येणार, ज्वारीच्या दाण्यांएवढे मणी असतानाच घडातले निम्मे का काढून टाकायचे. पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत तिची हयात गेली होती, त्यामुळे मोजून-मापून, सांगितल्याबरहुकूम करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. यंदा पहिल्यांदा घड धरले होते.

"आता शेवटचा नियम," काका म्हणाले होते. "मण्यांवर पांढुरकी झाक येईल. ती मेणाची असते, वेलीने स्वतः चढवलेली. एकदा पुसली की परत येत नाही. तेव्हा द्राक्षाला हात लावायचा तो फक्त डोळ्यांनी. धरायचंच तर देठाला."

हा नियम तिने घरातल्या सगळ्यांना ऐकवला होता. सासूबाईंना तर रोज.

नणंद येऊन गेली त्या रविवारनंतर तिने मागच्या दाराला उंचावर कडी बसवून घेतली. कामावर जाताना ती लावून जाई. दोन-तीन दिवसांत तिच्या लक्षात आलं, की सासूबाईंचे हात खिशात असतात. जन्मभर त्या हातांनी शिवणयंत्र चालवलं होतं. ते कधी रिकामे नसत. टॉवेलची किनार चाचपत, टेबलावरचा चुरा गोळा करत, नाहीतर उगाच नातेवाइकांच्या गालांवरून फिरत. आता ते खिशात होते.

"हात लावू का?" त्यांनी कपाकडे बघत विचारलं.

"तुमचाच चहा आहे, आई."

"हो ना. तरी विचारलेलं बरं."

मग नळाला विचारलं. दिव्याच्या बटणाला विचारलं. दोरीवरून काढलेल्या स्वतःच्याच गाऊनला विचारलं. बोटं कुठे, कशी उमटली हे त्या बहुधा विसरल्या होत्या. पण आपल्या हातांचं काहीतरी बिनसलं आहे, एवढं मात्र आत कुठेतरी जाऊन बसलं होतं.

"ही काय नवीन तऱ्हा?" नवऱ्याने विचारलं.

"वय झालंय," ती म्हणाली आणि बेसिनकडे वळली.

आठवड्याच्या मधे संध्याकाळी काका आले. घड उतरवण्याजोगे झाले का, हे बघायला तिनेच बोलावलं होतं.

"वा! मांडव तर माझ्यापेक्षा सरळ. काय, पट्टी लावून बांधलात की काय?"

"पट्टी लावूनच बांधलाय."

"वाटलंच. आता ही द्राक्षं खायची आहेत की काचेच्या कपाटात ठेवायची आहेत?" त्यांनी घडाच्या अगदी टोकाचा मणी तोडला, चघळला, बिया अंगणात थुंकल्या. "शेवटचा मणी खरं बोलतो. अजून थोडे दिवस थांबा. गोडी आलीय, पण पोरकट आहे." मग त्यांनी देठ धरून घड फिरवला आणि मोठ्याने हसले. "आणि हे पॉलिश कुणी केलं?"

ती मांडवाची एक गाठ घट्ट करू लागली.

"अहो, लाजता काय! नवशिक्याची बाग लांबून ओळखू येते. पहिल्या फळाला माणूस सकाळ-संध्याकाळ कुरवाळतो आणि वर शपथेवर सांगतो, की मी नाही बुवा. माझ्या पहिल्या घडांत तर तोंड दिसायचं."

"मी नाही हो," ती घाईने म्हणाली. "मी देठालाच धरते. प्रयोगशाळेत हेच शिकवते मी मुलांना, नको तिथे बोट लावायचं नाही म्हणून."

"मीच केलं ते."

सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या. हात खिशात.

"मला आठवत नाही," त्या काकांना म्हणाल्या, "पण मीच."

काकांनी आधी सासूकडे पाहिलं, मग सुनेकडे. त्यांचं हसू जरा आवरलं. "असू दे हो, आजी. पोटात गेल्यावर कुठे ठसे दिसतात?"

सासूबाई हसल्या नाहीत. जाताना काकांनी फाटकापाशी काही बोलायला तोंड उघडलं, पण मग नुसतंच फाटक नीट लावून घेतलं.

शनिवारी ती नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी उठली. चहाचा कप घेतला, कडी काढली, मांडवाखाली जाऊन उभी राहिली. दिवसातला हा तिचा एवढाच वेळ. डोक्यात सासूबाईंची बॅग होती. गोळ्या वरच्या कप्प्यात ठेवायच्या, चष्म्याचं दुसरं घर सापडत नाही, उशी न्यायची का, त्यांना दुसऱ्या उशीवर झोप लागत नाही. उशी बॅगेत मावणार नव्हती. उशीचं काय करावं, यात ती इतकी गुंतली, की तळहाताला काहीतरी गार लागतंय हे बऱ्याच वेळाने जाणवलं.

तिने खाली पाहिलं.

डाव्या हातात कप होता. उजवा हात घडाखाली होता. घडाचं सगळं वजन तळव्यावर पेललेलं, अंगठा पुढून, बोटं मागून. प्रयोगशाळेत नव्या मुलांना पहिल्याच दिवशी ती जे शिकवायची, ते हेच. बाटली बुडाशी धरायची. तोंडाला, गळ्याला बोट लावायचं नाही. हजारो बाटल्या तिने अशा धरल्या होत्या. हात शिकला होता, आणि आता तो तिला विचारतही नव्हता.

तिने हात सावकाश काढून घेतला. पुढे एक, मागे तीन. काळे, चकचकीत मणी.

मग ती एकेका घडाखाली वाकली. सगळ्यांवर तेच. पुढे एक, मागे तीन. प्रत्येक डाग घडाच्या बुडाशी. चहावर साय धरेपर्यंत ती वाकून बघत राहिली. आपल्या हाताचं माप त्या डागांवर लावून बघायचं तिला एकदाही सुचलं नव्हतं. कामावर असा निष्कर्ष कुणी तिच्यापुढे आणला असता, तर तिने तो त्याच्या टेबलावर परत आपटला असता.

"म्हणजे तूच?" नवरा ब्रश तोंडात धरून हसला. "चोर सोडून संन्याशाला फाशी!" मग तिचा चेहरा बघून त्याने चूळ भरली. "अगं, जाऊ दे. आईला कुठे आठवतंय? आणि ताईने खोलीसुद्धा रंगवून घेतलीय. नुसत्या द्राक्षांमुळे थोडीच चाललीय ती."

"पण द्राक्षांवरून चाललीय."

"कुणाला कळणार आहे?"

तो बरोबर बोलत होता. कुणाला कळणार नव्हतं. एवढं मेल्याहून मेल्यासारखं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. शेजारी उघडी बॅग. ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. वाक्य तिने दोनदा मनात जुळवलं होतं, तरी तोंडातून वेगळंच आलं.

"आई, द्राक्षांना हात मी लावला होता. तुम्ही नाही."

"तू?"

"हो. रोज. माझ्या लक्षातच आलं नाही."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "मग मी ओरडले का तुला?"

"नाही. मीच तुम्हाला ओरडले. ताईंच्या देखत. काकांच्या देखतही मी गप्प बसले."

"अगं बाई." त्यांनी मान हलवली. दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट ऐकावी तशी. "आणि मी काय म्हणाले?"

"चुकलं म्हणालात."

"मी का म्हणाले तसं?"

ती बॅगेतल्या कपड्यांच्या घड्या नीट करू लागली. सासूबाईंनी मग खिशातून एक हात काढला आणि तिच्या गालावरून फिरवला. बोटांची टोकं खरखरीत होती. या बोटांनी पुसलेला डाग वेगळाच दिसला असता, हेही तिला आत्ता कळलं.

संध्याकाळी सासूबाई नळापाशी उभ्या राहिल्या. "हात लावू का?"

तिने जेवणाची तयारी तशीच ठेवली आणि त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांना पहिल्यापासून आश्चर्य वाटलं.

रविवारी नणंदेच्या गाडीचा हॉर्न वाजला, तेव्हा बॅग दाराशी होती आणि बॅगेवर उशी, दोरीने बांधलेली. सासूबाई दारापर्यंत आल्या, बॅगेपाशी थांबल्या.

"हात लावू का?"

तिने उशीची दोरी सोडली, उशी काखेत मारली, दुसऱ्या हाताने सासूबाईंचं मनगट धरलं आणि त्यांना मागच्या दाराकडे नेलं. उंचावरची ती कडी काल नवऱ्याने काढून टाकली होती. लाकडात स्क्रूची दोन भोकं उरली होती. मांडवाखाली तिने त्यांना खुर्चीवर बसवलं, उशी पाठीशी दिली आणि त्यांचा हात उचलून घडाखाली नेला.

"अगं, पुसेल ना ते."

"आधीच पुसलंय. मी पुसलंय. आई, तुम्हाला एक सांगायचंय."

"सांग की."

ती सांगू लागली. नणंद समोरच्या दाराने आत आली, बॅगेला वळसा घालून स्वयंपाकघरातून मागे आली आणि पायरीवर थांबली. तिच्या कानावर शेवटचं तेवढं पडलं.

"किती वेळा सांगितलंस तिला हे?" नणंदेने विचारलं.

"काल दोनदा. आज पहिल्यांदाच."

"आणि उद्या?"

तिने सासूबाईंच्या पाठीशी उशी सारखी केली. नणंदेने पर्स खांद्यावरून काढली, पण ठेवली कुठेच नाही. "गॅस चालू राहिला होता, ते तर खरं ना? ते तर तू केलं नव्हतंस?"

"नाही. ते खरं आहे."

सासूबाईंचं या दोघींकडे लक्ष नव्हतं. त्या घड तळहातावर तोलत होत्या, जरा वर, जरा खाली. मग लेकीच्या आवाजातली धार त्यांच्या कानांवर आली असावी. त्यांनी दुसरा हातही खिशातून काढला आणि सुनेच्या पाठीवर ठेवला.

"हिला बोलू नकोस हं," त्या लेकीला म्हणाल्या. "नवीन आहे. शिकतेय अजून."