डोळ्यातली नस पाहणारी बत्ती

मी बत्ती बोलतेय. तुमच्या ओळखीची नसेन, कारण माझा उजेड रस्त्यावर पडत नाही. तो माणसाच्या बुबुळातून आत शिरतो. माझं खरं नाव ऑप्थॅल्मोस्कोप. ते उच्चारताना अमरावतीच्या भल्याभल्यांची बोबडी वळली, म्हणून दवाखान्यात मी 'डोयाची बत्ती' झाले. मला हेच नाव आवडतं.

पितळी मूठ, पोटात दोन सेल, डोक्यात ज्वारीच्या दाण्याएवढा बल्ब, त्याचा उजेड वळवणारा आरसा आणि मधोमध बघायला एक बारीक भोक, एवढाच माझा संसार. पण अंगातल्या साऱ्या रक्तवाहिन्या कातडीखाली दडलेल्या असतात. जित्या माणसात त्या उघड्या दिसतात त्या फक्त डोळ्याच्या तळाशी, आणि तिथवर मी पोचते. याचा मला गर्व आहे, लपवायचा कशाला?

विलायतेतल्या कारखान्यात माझा जन्म झाला. बोटीतून इकडे आले आणि नागपूरच्या मेडिकल कॉलेजात एका म्हाताऱ्या प्रोफेसरांच्या खिशात राहिले. नोकरी संपली तेव्हा त्यांनी मला देवमन तायडे नावाच्या विद्यार्थ्याच्या हातात दिलं. हा तिवशाकडचा, शेतमजुराचा मुलगा. छप्पनच्या दसऱ्याला तो पांढरे कपडे घालून बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला गेला, तेव्हा मी त्याच्या ट्रंकेत होते. परत आला तो ताठ मानेनं. ती मान पुढे मी वाकलेली पाहिली ती रोग्याच्या डोळ्यात बघायलाच.

शिकून झाल्यावर डॉक्टरांनी अमरावतीला दवाखाना टाकला. माझी कामाची रीत मात्र जरा अवघड आहे. खोलीत अंधार करायचा, मला आपल्या डोळ्याला लावायचं आणि रोग्याच्या इतकं जवळ जायचं की त्याचा श्वास आपल्या गालाला लागावा. विडीचा वास येतो, कांद्याचा येतो. डॉक्टरांनी कधी नाक मुरडलं नाही. नाक मुरडणारे खुर्चीत बसलेले असत.

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात खुशालराव आले. काळ्या जमिनीचे मालक, पंचेचाळिशीचा गडी, तोंड लालबुंद. अशा माणसाला गावात 'रगत चांगलं हाये' म्हणतात आणि त्याची दृष्ट काढतात. त्यांना फक्त चष्मा हवा होता. बरोबर बायको होती, लीलाबाई.

डॉक्टरांनी आधी दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब मोजला. तो फार होता.

"उन्हातून आलो म्हून वाढला असन," खुशालराव म्हणाले.

"डोकं दुखते?"

"कवा कवा."

दाराशी उभ्या असलेल्या लीलाबाई बोलल्या, "रोजच दुखते, डाक्टर. अन् यायचे बाबा, माहे सासरे, असेच लालबुंद होते. वावरात उभ्याउभ्या गेले. छातीवर हात ठेवला अन् गेले."

डॉक्टरांनी खिडकी लावली, मला पेटवलं आणि ते खुर्चीकडे वाकले. खुशालरावांनी झटकन तोंड फिरवलं. दाराबाहेरच्या पाटीवरचं आडनाव त्यांनी येतानाच वाचलं होतं.

"दुरूनच पाहा," ते म्हणाले. "हात लावला ते ठीक हाये, दवाखान्यात चालते. पन तोंडाले तोंड नाही."

डॉक्टरांच्या बोटांनी मला इतकं आवळलं की माझी मूठ तापली. मला वाटलं, आता हा माणूस याला हाकलून देणार. आणि खरं सांगते, हाकलावंच असं मलाही वाटलं. पण ते शांतपणे म्हणाले, "दुरून निस्ता लाल उजेड दिसते, खुशालराव. नस पाहाची असन त जवळच यावं लागते. मी काही माहा श्वास दाराबाहेर ठेवून येऊ शकत नाही."

"मंग राहू द्या."

खुशालराव उठले. तेवढ्यात लीलाबाई आत आल्या आणि रिकाम्या झालेल्या खुर्चीत बसल्या. डोक्यावरचा पदर सावरला, हात मांडीवर ठेवले.

"माह्ये डोये पाहा, डाक्टर."

परका पुरुष, अंधारी खोली आणि समोर नवरा! डॉक्टरांनी विचारलं, "बाई, तुमाले काही त्रास हाये काय?"

"हाये न. हा काय उभा हाये त्रास! पाहा तुमी."

डॉक्टर वाकले. दोघांचे श्वास माझ्यावर आदळत होते. बाईंच्या नसा स्वच्छ, मोकळ्या होत्या. तसं डॉक्टरांनी मोठ्यानं सांगितलं. लीलाबाई खुर्चीतून न उठताच नवऱ्याकडे वळल्या.

"झालं. आता मी बी बाटली. घरी गेल्यावर कोनाच्या हातचं जेवसान ते सांगा. नाहीतर बसा इथं. मले विधवा व्हाचं नाही."

खुशालरावांचा चेहरा होता त्याहून लाल झाला. लीलाबाई उठून बाजूला झाल्या तसे ते पुढे आले. मग बसले, आणि डोळा असा उघडा ठेवला जणू कुणी तोफेच्या तोंडी दिलं आहे.

मी आत गेले. तिथली बारीक नस तांब्याच्या तारेसारखी चकाकत होती आणि जिथं ती दुसऱ्या नसेवरून जात होती, तिथं तिला दाबून धरत होती. कडेला रक्ताचा एक ठिपका होता. असे डोळे मी खूप पाहिले आहेत. त्यातले कितीतरी पुन्हा उघडले नाहीत.

"नसा कडक होऊन राहिल्या," डॉक्टर म्हणाले. "डोयात हाये तेच कायजातही सुरू असन. आज छातीत दुखत नाही, म्हून आजच इलाज करू." विडी बंद, लोणचं-पापड बंद, भाजीत मीठ नावाला, आणि सर्पगंधेच्या गोळ्या रोज.

खुशालराव दर हंगामाला येऊ लागले. घरी गेल्यावर ते डोक्यावरून आंघोळ करतात, असं लीलाबाईंनी हसत सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "करू द्या, गोया घेतात न?" मला ते हसू झोंबलं. पुढे कधीतरी ती आंघोळ बंद झाली, मीठ मात्र चोरून चालूच होतं. नसा पुन्हा मऊ झाल्या नाहीत, पण ठिपका गेला आणि नवा आला नाही.

त्यांचा धाकटा भाऊ रामराव अकोल्याला कापसाची अडत करायचा. तोही तसाच लालबुंद. खुशालरावांनी त्याला कितीदा बोलावलं. "मले काय झालं? अन् त्याच्या तोंडाशी तोंड मी नाही नेत," हे त्याचं ठरलेलं उत्तर. गेल्या वर्षी, अडुसष्टच्या कापसाच्या हंगामात, तो वजनाच्या काट्याजवळ छातीवर हात ठेवून खाली बसला तो उठलाच नाही.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी खुशालराव रामरावाच्या दोन्ही कर्त्या मुलांना घेऊन दवाखान्यात हजर. मी पेटले, डॉक्टर वाकले आणि थोरल्यानं तोंड फिरवलं. खुशालरावांनी उठून त्याची हनुवटी धरली आणि चेहरा समोर आणला.

"मान सरळ ठेव," ते म्हणाले. "तुह्या बापानं फिरवली होती."

पोरानं मान सरळ ठेवली. त्याची नसही चकाकायला लागली होती. नुकतीच, अगदी तरुण वयात. आता तो महिन्याला येतो. त्याला मी मरू देणार नाही, डॉक्टर तर नाहीच नाही.

माझा आरसा डागाळलाय, माझ्या मापाचा बल्ब मुंबईहून मागवावा लागतो. टेबलावर नवी बत्ती कधी येईल सांगता येत नाही. येऊ दे, मी तिला जागा देईन. पण पेटतेय तोवर माझा एकच हट्ट आहे. खुर्चीत बसा, समोर बघा, आणि छातीत दुखायच्या आधी या.