निकालातलं नाव

वकीलबाईंकडे ती पहिल्यांदा आली तेव्हा तिला खटला नको होता. तिला माफी हवी होती.

एका मोठ्या दुकानात ती घड्याळांच्या काउंटरवर विक्रेती होती. एका दुपारी एक महागडं घड्याळ सापडेना. मॅनेजरने तिला मागच्या गोदामात नेलं आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या दोन बायकांना तिची झडती घ्यायला लावली. आधी खिसे झाले, मग पर्स, मग अंगावरचे कपडे. दाराला कडी नव्हती, आणि खोकी उचलणारी माणसं येत-जात होती. संध्याकाळी कळलं, घड्याळ दुरुस्तीला गेलेलं होतं. विषय संपला म्हणून मॅनेजर मोकळा झाला. ती दुसऱ्या दिवशी कामावर गेली, पण गिऱ्हाइकाच्या मनगटावर पट्टा बांधता बांधता तो तसाच सोडून काउंटरमागून निघून आली. त्यानंतर ती गेलीच नाही.

वकीलबाई तेव्हा चाळिशीच्या होत्या. जिभेने फटकळ, कामाला वाघ. तिचं ऐकता ऐकताच त्यांच्या लक्षात आलं, की मालकाने नोकराची अशी झडती घेऊ नये असं कायद्यात कुठे धड लिहिलेलंच नाही. मालाच्या रक्षणाची कलमं होती. जिची झडती होते तिच्याबद्दल एक ओळ नव्हती.

दुकानाने लवकरच निरोप धाडला. मॅनेजर सगळ्या नोकरांसमोर माफी मागेल, प्रकरण तिथेच मिटवा. ऐकून तिचा चेहरा उजळला. वकीलबाईंचा पडला.

"माफी मागून तो सुटेल," त्या म्हणाल्या. "उद्या दुसरीला नेईल त्याच गोदामात. तू लढलीस तर पुढे कुणाच्याच वाट्याला हे येणार नाही."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "लढते, ताई. पण माझं नाव कुठे येऊ देऊ नका. घरी सासूबाईंना एवढंच माहीत आहे, की मी नोकरी सोडली."

"नाही येऊ देणार," वकीलबाई म्हणाल्या, आणि ते त्या मनापासून म्हणाल्या.

नाव गुप्त ठेवण्याचा अर्ज त्यांनी दिलाही. पण त्या अर्जाची सुनावणी आधी, वेगळी होईल आणि मूळ दावा लांबणीवर पडेल, असं न्यायाधीशांनी सांगितलं. समोरचे न्यायाधीश समजूतदार होते आणि लवकरच निवृत्त व्हायचे होते. वकीलबाईंनी उभ्या उभ्या अर्ज मागे घेतला. आणखीही एक कारण होतं, ते त्यांनी स्वतःशी फार उशिरा कबूल केलं. वर्तमानपत्रात खरं नाव, खरा चेहरा आला की लोक बाजूने उभे राहतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी त्यांनी तिला झाल्या गोष्टीसारखं सांगितलं, की अर्ज मागे घ्यावा लागला. तिने एवढंच विचारलं, आता छापून येणार का?

आलं. नवरा तिच्या पाठीशी राहिला. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत, आणि बोलल्या तेव्हा शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या सुनेशी जपून बोला बाई, पेपरात तिचाच फोटो असतो." शेजारीण हसली. सून आत भांडी घासत होती.

दुकानाच्या वकिलाने साक्षीत तिला विचारलं, की कोणता कपडा आधी उतरवला आणि कोणता नंतर. तिने सगळं सांगितलं. ते सगळं निकालात जसंच्या तसं उतरलं. त्याखाली न्यायाधीशांनी लिहिलं, मालक कामगाराचे श्रम विकत घेतो, देहाची लाज नव्हे. त्या वाक्यावरून पुढे कायदा झाला. वकीलबाईंचं नाव झालं. आणि खटल्याला, रीतीप्रमाणे, तिचं नाव पडलं.

बऱ्याच वर्षांनी त्या निकालाचा गौरवसमारंभ ठरला, तेव्हा वकीलबाई तिला बोलवायला गेल्या. ती आता शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती, घरीच पडदे शिवत होती. तिने मशीनवरचं कापड बाजूला करून त्यांना बसायला जागा केली, चहा दिला, आणि समारंभाला येणार नाही म्हणून शांतपणे सांगितलं.

वकीलबाईंनी आग्रह केला. लोक तुझं नाव किती आदराने घेतात, हे तिला सांगितलं.

"घेत असतील," ती म्हणाली. "कायदा चांगलाच झाला, ताई. माझी मुलगी दुकानात कामाला आहे, तिला कोणी बोट लावत नाही. पण त्यांच्या कपडे बदलायच्या खोलीत नियमांची पाटी आहे, तिच्यावर खटल्याचं म्हणून माझं नाव आहे. ही माझी आई, असं तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही. गोदामात मला चार-पाच जणांनी पाहिलं होतं. निकाल तर जो वाचेल तो पाहतो."

बाहेर कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"तुम्ही तो अर्ज मागे घेण्याआधी मला विचारलं असतं," ती पुढे म्हणाली, "तर मी कदाचित हो म्हणालेही असते. पण विचारलं नाहीत. मॅनेजरनेही नव्हतं विचारलं."

"चुकलं माझं," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्हाला विचारायला हवं होतं."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं होतं. तिच्या ते लक्षात आलं की नाही, कळलं नाही. तिने रिकामा कप उचलून आत नेला.

समारंभ वकीलबाईंनी रद्द करायला लावला. निकालातलं नाव काढून तिथे नुसतं अक्षर घालावं असा अर्ज करू का, हे त्यांनी या वेळी तिला आधी विचारलं. तिने होकार दिला. अर्ज मंजूर झाला. सरकारी प्रती बदलल्या, नव्या पाट्या तिच्या नावाशिवाय लागल्या. वकीलबाईंनी फोन करून कळवलं तेव्हा ती बरं म्हणाली. मग तिने विचारलं, "आता लोक त्या खटल्याला काय म्हणतील?"

पुढच्या सत्रात त्या कायद्याच्या वर्गावर शिकवायला गेल्या. झडतीच्या त्या निकालाबद्दल, नाव न घेता, बोलायला त्यांनी सुरुवात केली, तशी पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीने, बाईंना आठवत नसेल असं वाटून, मदत म्हणून ते नाव मोठ्याने सांगितलं. सगळ्या वर्गाने ते लिहून घेतलं.