दार बघून ठेवलेलं बरं

आईला कुठेही जायचं असलं की ती आदल्या दिवशी जाऊन दार बघून यायची. परीक्षा असो, बँक असो, दवाखाना असो. घरात यावरून तिची यथेच्छ थट्टा व्हायची आणि त्यात धाकटी लेक सगळ्यांत पुढे.

ही धाकटी वेबसाइटचे फॉर्म बनवायची. डोळ्यांच्या हॉस्पिटलात नंबर लावायचा फॉर्मही तिचाच. आईचा डावा डोळा झपाट्याने अधू होत चालला होता. मोठे डॉक्टर चार महिन्यांतून दोनच दिवस येत, आणि डोळा काही चार महिने थांबणार नव्हता. परदेशातल्या दादाने तिथूनच आईचा फॉर्म भरला: बारा तारीख, सकाळी अकरा.

अकरा तारखेला सकाळी ऑफिसात तक्रार आली की, परदेशातून भरलेल्या तारखा एक दिवस मागे जातायत. धाकटीने फॉर्म उघडून पाहिला आणि चूक तिला लगेच सापडली. तारखेच्या चौकटीत नुसती तारीख ठेवायची, तर तिने त्या दिवसाच्या मध्यरात्रीची वेळही साठवली होती. दादाकडे आधी उजाडतं. तिथे बारा तारीख लागते तेव्हा इथे अकराचीच संध्याकाळ असते. फॉर्मने इमानदारीत तीच तारीख धरली होती. यादीत आईचा नंबर आजचा होता, उद्याची यादी भरून गेली होती आणि घड्याळात पावणेअकरा वाजले होते.

आई फोन उचलेना, हॉस्पिटलचा फोन लागेना. बाकीच्या पेशंटना कळवायचं काम सहकाऱ्यावर सोपवून ती टॅक्सीत बसली आणि वाटभर स्वतःला शिव्या घालत राहिली.

सव्वाअकराला ती धापा टाकत वर पोचली. डॉक्टरांच्या खोलीतून आई बाहेर येत होती.

"तू इथे कशी?" धाकटी किंचाळलीच.

"दार बघायला आले होते गं. तर नर्सबाईंनी माझंच नाव पुकारलं! डॉक्टर म्हणाले, डोळा वाचेल. उद्याच ऑपरेशन."

धाकटी बाकावर मटकन बसली आणि चारचौघांत रडली. मग फॉर्मने काय घोळ घातला ते तिने कबूल केलं.

"अगं, तुझा फॉर्म एक दिवस मागे गेला, मी एक दिवस आधी आले. फिट्टंफाट!" आई म्हणाली. "चल, आता ऑपरेशनची खोली कुठेय तेवढं बघून येऊ."

आणि आयुष्यात पहिल्यांदाच, धाकटी एका शब्दाने न चिडवता तिच्याबरोबर दार बघायला गेली.