पाण्यावरचा डाग

मशामूबाबांचा डावा गुडघा वाकत नसे. तरुणपणी धक्क्यावर तेलाच्या पिंपाखाली पाय सापडला होता. त्यामुळे होडी हाकताना ते बसत नसत, मागच्या टोकाला सरळ उभे राहून सुकाणू धरत. किगांबोनीच्या किनाऱ्यावरून रोज पंचवीस-तीस होड्या मासेमारीला निघत, पण उभा माणूस एकाच होडीत असे.

आमची ओळख भांडणातून झाली. होड्या पाण्यात ढकलायच्या वाटेवरच मी ट्रायपॉड रोवला होता.

"पोरी, हा तुझा तीन पायांचा बगळा उचल. नाहीतर होडीखाली मोडेल आणि वर मलाच शिव्या देशील."

मी उचलला. तेव्हापासून मी दिसले की बाबा विचारत, "आला का बगळा?" त्यांची बायको, बीबी किदावा, तिथेच मोगोचे कंद आणि मासे तळून विकायची. मी गेले की माझ्या कागदात दोन तुकडे जास्त पडत.

माझं फोटोचं दुकान पलीकडे शहरात, कारियाकूत. लग्नांचे फोटो काढून पोट भरत असे, पण जीव मात्र संध्याकाळच्या शहरात अडकलेला. किगांबोनीवरून पाहिलं की खाडीपलीकडे दार-एस-सलामच्या उंच इमारती ओळीने उभ्या दिसतात आणि सूर्य बरोबर त्यांच्या मागे उतरतो. पंचाईत अशी, की आकाश नीट आलं तर इमारती काळ्याठिक्कर होतात, आणि इमारती उजळवल्या तर आकाश पांढरंफटक. म्हणून कॅमेरा तसूभरही न हलवता पाच फोटो काढायचे, एकदम काळोख्यापासून एकदम उजळ फोटोपर्यंत, आणि मग कॉम्प्युटरवर ते एकमेकांवर बसवून प्रत्येकातलं चांगलं तेवढं घ्यायचं.

बाबांना हे कधी पटलं नाही. "तेच शहर पाच वेळा? पहिल्या वेळी डोळे मिटले होते का तुझे?"

एकदा म्हणाले, "माझाही काढ की एक. ओळखपत्रावर मी चोर दिसतो."

"तुमचं थोबाड नीट यायला पाच नाही, पन्नास लागतील," बीबी कढईवरची नजर न काढता म्हणाली.

"उद्या काढते, बाबा. आत्ता उजेड चाललाय," मी म्हणाले. तो उद्या काही आला नाही. माझ्याच ध्यानात राहिलं नाही.

त्या जूनमध्ये मला मोठं काम मिळालं. पलीकडच्या एका नव्या हॉटेलला दिवाणखान्याच्या भिंतीसाठी शहराचा फोटो हवा होता, चांगला बारा फुटी. तिथले व्यवस्थापक क्वेकासाहेब भला माणूस, पण हौस दांडगी. मी सलग नऊ संध्याकाळी गेले आणि नवव्या दिवशी, गुरुवारी, हवं ते आकाश मिळालं. दक्षिणेचा वारा, कुसी, सोसाट्याने वाहत होता. ढग फाटून खालून लाल झाले होते. ट्रायपॉड हलू नये म्हणून मी त्याला दगडांची पिशवी टांगली आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा सोडून कुठेच पाहिलं नाही. मागून कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं. मी हात वर केला, वळले नाही. काम झाल्यावर शेवटच्या उजेडात फेरीबोट पकडून घरी आले.

फोटो एकमेकांवर बसवले की जे जागचं हललं असेल त्याच्या फिकट सावल्या उरतात. लाटांचं चालून जातं. होडी गेली असेल तर मात्र एकीच्या पाच होतात, अर्धवट, धुरकट. कच्चं चित्र मी क्वेकासाहेबांना फोनवर पाठवलं, आकाश पसंत पडतंय का ते कळावं म्हणून. त्यांनी तेच चित्र परत धाडलं. पाण्यावर एका जागी बोटाने लाल गोल काढला होता आणि खाली लिहिलं होतं : आकाश अप्रतिम. हा डाग तेवढा काढा, समुद्र स्वच्छ हवा.

दुपारच्या जेवणाआधी मी डाग काढला. शेजारचं पाणी उचलून त्यावर पसरलं, कडा मिसळल्या. होडी आहे हे दिसत होतं. कुणाची, हे मी पाहिलं नाही. मग पाचही मूळ फोटो पुसून टाकले, कारण टांगा शहरात बहिणीचं बाळंतपण होतं आणि त्याआधी तीन लग्नांचे फोटो कॉम्प्युटरमध्ये भरायचे होते, जागा नव्हती.

टांगाहून पाच आठवड्यांनी परतले. किनाऱ्यावर गेले तर बीबीची चूल विझलेली. शेजारची नारळवाली हसत म्हणाली, "म्हातारा मफिया बेटावर पळाला ना! तिथल्या विधवेकडे. या वयात!"

मी बीबीच्या घरी गेले. ती दारातच बसली होती, हातात न निवडलेल्या तांदळाचं सूप.

"शिकामू, बीबी," मी नमस्कार केला.

"मराहबा. बस." तांदळाकडेच पाहत ती बोलू लागली. गुरुवारी संध्याकाळी ती आजारी नणंदेकडे गेली होती. परतली तेव्हा होडी नव्हती आणि माणूसही नव्हता. वारा इतका, की त्या दिवशी दुसरं कुणी समुद्रात उतरलंच नव्हतं. आठवड्याने दूर किंबिजीच्या वाळूवर होडीचं मोडलेलं लाकूड लागलं.

"लोक म्हणतात, होडी सकाळीच विकली आणि बेटावर गेला. बुडाला तो घेणारा. मशिदीतले शेख नासोरो म्हणतात, समुद्रात जाताना कुणी पाहिलं नाही, तोवर मयताची नमाज कसली पढायची? थांब, म्हणतात." तिने सूप बाजूला ठेवलं. "रडू की शिव्या देऊ, तेवढं तरी कळायला हवं ना, झुहुरा? गुरुवारी तू होतीस ना? तुला दिसला?"

"नाही दिसला, बीबी," मी म्हणाले. ते खरंच होतं.

फेरीबोटीत कठड्याला टेकून उभी होते तेव्हा ती मागून आलेली हाक आठवली. आणि मग तो डाग आठवला. एका अनोळखी माणसाने मला बाकावर बसवलं.

दुकानात जाऊन कॉम्प्युटर उपसला. काही नव्हतं. कॅमेऱ्याच्या कार्डावर तेव्हापासून तीन लग्नं होऊन गेली होती. शेवटी फोन उघडला. क्वेकासाहेबांचा निरोप अजून तिथेच होता. लाल गोलाच्या आत बोट ठेवून मी चित्र मोठं केलं. पाच फिकट होड्या, एकीमागे एक, समुद्राच्या तोंडाकडे निघालेल्या. आणि प्रत्येकीच्या मागच्या टोकाला एक उभी रेघ.

दुसऱ्या दिवशी दुपारची नमाज झाल्यावर मी मशिदीच्या ओट्यावर शेख नासोरोंना तो फोन दिला. चार-पाच म्हातारे कोळी भोवती गोळा झाले. फोन हातोहात फिरला. मग एकाने चष्मा काढला.

"उभा आहे," तो म्हणाला. "मशामूच."

"त्याच्याशिवाय कोण उभं राहील त्या वाऱ्यात," दुसरा म्हणाला आणि तोंड फिरवून नाक शिंकरू लागला.

शेखांनी विचारलं, "हा लाल गोल कशाचा?"

"तेवढं पुसायचं होतं."

"आणि तू पुसलंस?"

"हो."

फोन त्यांनी दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिला. माझं मेलं तोंड कुठे लपवावं ते मला कळेना.

शुक्रवारी मशामूबाबांची नमाज झाली, मृतदेहाशिवाय. मफियाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. नारळवालीने रडून रडून सगळ्यांत जास्त आवाज केला. बीबी इद्दतीला बसली, विधवेने घरात राहून पाळायच्या सुतकाला.

मला वाटलं होतं, ती मला जवळ घेईल. किंवा शिव्या तरी देईल. आतल्या खोलीत चटईवर ती भिंतीला टेकून बसली होती. बायका चहा घ्यायला बाहेर गेल्या तेव्हा हळूच म्हणाली, "लोकांची तोंडं बंद केलीस. अल्ला तुझं भलं करो."

मग थोड्या वेळाने : "पण एक सांगू? तू येईपर्यंत तो मफियात होता. रोज सकाळी उठून मी त्याला शिव्या घालायची. लबाड, निर्लज्ज, त्या बयेच्या हातचं जेवतोय. तेव्हा तो जेवत तरी होता ग."

तिने माझा हात घेतला, मांडीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

मी क्वेकासाहेबांकडे गेले. म्हटलं, दुसरा फोटो काढून देते, हा उतरवा. सगळं ऐकून घेऊन ते खुर्चीवरून उठले, खिडकीपाशी गेले.

"बाई, मला ठाऊक असतं तर मी तो गोल काढला असता का? पण मालकांना काय सांगू? पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून आपले फोटो काढून घेतात."

तो फोटो अजून तिथेच आहे. समुद्र अगदी स्वच्छ.

चार महिने दहा दिवस झाल्यावर बीबीने घर बंद केलं. मुलगी किल्वाला असते, तिच्याकडे निघाली. मी सामान उचलायला बसच्या तळावर गेले होते. दोन गाठोडी, एक चटई, एक कोंबडी. बस यायला उशीर होता.

"झुहुरा, त्या चित्रात त्याचं तोंड दिसतं का? किनाऱ्याकडे होतं की समुद्राकडे?"

खोटं बोलणं सोपं होतं. तोंडावर आलंही होतं.

"दिसत नाही, बीबी. होडी नखाएवढी आहे. माणूस नुसती रेघ."

"बरं," ती म्हणाली. पदराचं टोक तिने दोनदा बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "बरं."

बस आली तशी झुंबड उडाली. कंडक्टर म्हणाला, कोंबडी टपावर. बीबी म्हणाली, मग मलाही टपावर बसव. शेवटी ती कोंबडी मांडीवर घेऊन खिडकीशी बसली, आणि बस वळेपर्यंत कंडक्टरशी भांडतच होती.