बाद फॉर्म क्रमांक चाळीस

मी एक जुना, चुरगळून पुन्हा सरळ केलेला सर्वेक्षणाचा फॉर्म आहे. माझ्या कपाळावर लाल शाईने 'बाद' असं लिहिलेलं आहे. मित्रांनो, स्वतःची कहाणी सांगणारी मंडळी सहसा गोड बोलतात. मला ते जमणार नाही. माझं डोकं फिरलेलं आहे आणि ते का फिरलं, हे तुम्ही ऐकाच.

माझा जन्म एका ऑफिसातल्या छपाई यंत्रात झाला. आम्ही चाळीस भावंडं, सगळ्यांच्या अंगावर एकच मजकूर. आमचे मालक गाणी विकणाऱ्या एका कंपनीसाठी सर्वेक्षण करत. कंपनीला घाबरवून सोडणारा मोठा आकडा हवा होता, म्हणून मालकांनी तसाच प्रश्न बेतला : 'इंटरनेटवरून फुकट गाणी चोरणारी एखादी व्यक्ती तुमच्या ओळखीची आहे का?' खाली दोन चौकोन, होय आणि नाही. 'तुम्ही स्वतः चोरता का?' हे विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. कागद गुळगुळीत होता, छपाई ठसठशीत होती. अक्कल तेवढी छापायची राहून गेली.

टाय लावलेला एक माणूस आम्हाला शहराबाहेरच्या एका शाळेत घेऊन गेला. सातवीच्या वर्गात चाळीस मुलं होती. प्रश्न वाचताच ती एकमेकांकडे बघून खुदखुदली, कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस उभा राहिला : बसवाले काका. शाळेला बस एकच आणि ती चालवणारे काकाही एकच. ते रोज वाटेत गाणी लावत आणि "ही कालच उतरवली, अगदी फुकटात!" असं छाती फुगवून सांगत. अडतीस मुलांनी 'होय'वर खूण केली. एका मुलीने 'नाही'वर केली. ती शाळेच्या रखवालदाराची लेक, आवारातच राहणारी. बसशी तिचा संबंधच नव्हता.

मी ज्या मुलीच्या वाट्याला आलो, तिला वर्गात सगळे शंकासुर म्हणत. तिने हात वर केला.

"सर, आम्ही सगळे एकाच माणसाबद्दल लिहितोय. मग तुम्ही तो एकदा मोजणार की चाळीसदा?"

"तू खूण कर गं. मोजायचं आमचं आम्ही बघू," टायवाला म्हणाला.

शंकासुरने 'होय'वर खूण केली आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं : 'पण एकच. बसवाले काका.' टायवाल्याने ते वाचलंही नाही. चौकोनाबाहेर लिहिलं म्हणून त्याने माझ्यावर 'बाद' खरडलं आणि मला टोपलीत फेकलं. चाळीस जणांत पूर्ण खरं सांगणारा मी एकटा, आणि माझ्या सोबतीला पेन्सिलीची टरफलं! मधल्या सुट्टीत शंकासुरने मला बाहेर काढून भूगोलाच्या वहीत ठेवलं.

मी बाद झाल्यावर उरलेल्या एकोणचाळिसांत अडतीस 'होय' निघाले. पंधरा दिवसांनी पेपरात मथळा आला : 'शंभरातली सत्त्याण्णव मुले गाणी चोरतात.' खाली शाळेचं नाव. प्रश्न काय होता, याचा कुठे उल्लेखच नाही. ज्यांनी आयुष्यात एक गाणं उतरवलं नव्हतं, ती मुलंही एका सकाळी चोर ठरली.

मुख्याध्यापिकाबाईंचं धाबं दणाणलं. त्यांनी संगीताच्या खोलीला कुलूप घातलं. त्या खोलीतल्या संगणकात गाण्याच्या बाईंनी स्वतःच्या आवाजात सरावाची गाणी भरून ठेवली होती. तीही मुलांना देणं बंद झालं. गाण्याच्या तासाला प्रामाणिकपणावर भाषण सुरू झालं. आंतरशालेय गायन स्पर्धेत शंकासुर मुख्य गायिका असणार होती. शनिवारपर्यंत खोली उघडली नाही, तर शाळा स्पर्धेतून नाव मागे घेणार होती.

गुरुवारी बसमध्ये तिच्या मैत्रिणीने तिला कोपराने ढोसलं.

"अगं, तो कागद दाखव ना मोठ्या बाईंना. एका मिनिटात सुटेल सगळं."

"आणि काकांची नोकरी गेली तर?"

पुढे काकांनी हे ऐकलं आणि गाणं बंद केलं. शाळेच्या फाटकाशी बस थांबल्यावर ते मागे वळले.

"काय आहे गं ते? आण इकडे."

शंकासुर रडवेली झाली, पण तिने मला दिलं. काकांनी मला दोनदा वाचलं. त्यांच्या बोटांना डिझेलचा वास येत होता. मग ते मला घेऊन तडक मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेले.

"बाई, पेपरातली ती सत्त्याण्णव पोरं म्हणजे मी एकटाच. काय ती शिक्षा मला करा. पोरांचं गाणं सुरू करा."

बाईंनी चष्मा लावून मला वाचलं. मग त्यांनी संगीताच्या खोलीची किल्ली काढली. काकांची नोकरी राहिली, बसमधली गाणी कायमची गेली. शाळा स्पर्धेत उतरली. वरच्या पट्टीत शंकासुरचा आवाज चिरकला आणि नंबर काही आला नाही.

बाईंनी सर्वेक्षणवाल्यांना पत्र लिहिलं, सोबत माझी प्रत जोडली. उत्तर एका ओळीचं आलं : 'आमची पद्धत शास्त्रीय आहे.' शास्त्रीय! मला टोपलीत फेकण्यात कसलं शास्त्र होतं, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

पुढच्या वर्षी टायवाला पुन्हा आला. नवी सातवी, नवे चाळीस फॉर्म, तोच प्रश्न. बस तर वर्षभर मुकी होती. चाळीसही मुलांनी 'नाही'वर खूण केली. आणि पेपरात मथळा झळकला : 'मुलांमधील गाण्यांची चोरी शून्यावर! कंपनीच्या जनजागृतीला घवघवीत यश.' टायवाल्याला बढती मिळाली. एका ड्रायव्हरने गाणी लावायचं सोडलं होतं, मित्रांनो. जनजागृती करायला तिथे कुणी फिरकलंही नव्हतं.

म्हणून माझं एवढं ऐका. कुणी तुमच्याबद्दलचा आकडा तोंडावर फेकला, की मान खाली घालू नका. प्रश्न काय होता, तो कुणी लिहिला आणि माणसं खरोखर किती होती, हे तिथल्या तिथे विचारा. समोरचा चिडेल. खुशाल चिडू द्या. त्या अडतीस मुलांची माफी अजूनही कुणी मागितलेली नाही.