चिंचेचा चोथा

केकचा डबा काळा पडू द्यायचा नाही, एवढ्या एका कामावर गुरम्मा रेणापुरात भावाच्या घरी टिकून होती. नवरा गेल्यावर ती संगमेश्वरकडं आलेली. भावजय मंजुषा केकच्या ऑर्डरी घेई. लाइटचा भरवसा नाही, म्हणून कढईत पाणी उकळायचं आणि त्यात ॲल्युमिनियमचा डबा बसवायचा. पण बोअरचं पाणी खारं. एका वाफेत डबा तव्यासारखा काळा व्हायचा. गुरम्मानं पाण्यात चिंचेचा चोथा टाकायला सुरुवात केली, तेव्हापासून डबे लख्ख राहू लागले.

मंजुषाला मात्र नणंद घरात नकोच होती. ज्या दिवशी डबा काळा पडंल त्या दिवशी आक्काला लोह्याला धाडायचं, असं ती एकदा जेवताना म्हणाली. लोह्याला गुरम्माचा दीर मलप्पा. त्याच्याकडं तिला गोठ्यात झोपवायचे. संगमेश्वर हसत हो म्हणाला. गुरम्माला हसू आलं नाही.

सोमवारी मठात शिवकीर्तन होतं. गुरम्मानं पाण्यात चोथा टाकला, डबा बसवला आणि नेहमीसारखी गॅसपाशी उभी राहिली. मंजुषा आपणहून म्हणाली, "जावा आक्का कीर्तनाला. मी बघते की."

गुरम्मा जवळजवळ पळतच गेली. महाराज सांगत होते, घरच्या माणसात शिव बघावा. तिचे डोळे वाहू लागले. गळ्यातलं लिंग मुठीत धरून तिनं मंजुषाच्या सौभाग्याला आयुष्य मागितलं. स्वतःसाठी काही मागायचं तिला सुचलंच नाही.

त्याच वेळी मंजुषानं पळीनं चोथा उचलून सिंकच्या कडेला ठेवला. संगमेश्वर दारात चहा पीत होता. त्यानं बघितलं आणि अजून थोडी साखर मागितली.

गुरम्मा परतली तेव्हा डबा पाण्याच्या रेघेपर्यंत काळा पडला होता. सिंकवर फुगलेला चोथा तसाच पडलेला. तो फेकायचीसुद्धा मंजुषाला गरज वाटली नव्हती. चिंच टाकून पुन्हा उकळते, काळं निघून जाईल, असं गुरम्मा म्हणाली. डब्याचं माझं मी बघते, असं उत्तर आलं.

तिनं भावाकडं पाहिलं. "संगू, तू हितंच व्हतास की रं."

तो कपात बघत राहिला. "आक्का, ठरलं व्हतं न्हवं आपलं?"

पिशवी भरायला वेळ लागला नाही. कपाळावरची विभूती पुसली होती, ती तिनं पुन्हा लावली. उंबऱ्यात मंजुषानं हाक मारली. "आक्का, तेवढं सांगून जावा. चोथा गार पाण्यात टाकायचा का उकळी आल्यावर?"

कीर्तनातला टाळ अजून गुरम्माच्या कानात वाजत होता.

"गार पाण्यातच टाक, बाई," ती म्हणाली. "आन् हात जपून. वाफ लई वाईट असती."

संगमेश्वरनं आक्काला मागं बसवून गाडीला किक मारली. ती कोपऱ्यावर वळायच्या आत मंजुषानं सिंकवरचा तोच चोथा गार पाण्यात टाकला आणि वर काळा डबा ठेवला. थोड्या उकळीनं तो पहिल्यासारखा लख्ख निघाला.